स्वतःच्या हाताचं अक्षर

लुई ब्रेलचं नाव काढलं की सहा ठिपके आठवतात आणि गोष्ट तिथेच संपते. लहानपणी डोळ्यात हत्यार गेलं, अंध झाला, मोठेपणी लिपी शोधली. शाळेत आपण सगळे एवढंच शिकलो. मला मात्र या माणसाचं दुसरंच एक काम जास्त खुणावतं. ते फार कुणाला ठाऊक नसतं. दहा खिळ्यांचं एक लेखनयंत्र. दोन अंध माणसांनी मिळून केलेलं, आणि तेही अंधांनी डोळस माणसांना पत्र लिहावं म्हणून. पण तिथवर पोचायचं तर आधी ठिपक्यांच्याच वाटेनं जावं लागतं.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचं गाव आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई जन्मला. वडील सिमों-रने घोड्यांचे खोगीर, लगाम, पट्टे बनवायचे. आई मोनिक. चार भावंडांत हा शेंडेफळ. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या खोलीत शिरला, चामडं हाताळायचं टोकदार हत्यार उचललं आणि ते डोळ्यात गेलं. त्या काळी जखम चिघळली तर करण्यासारखं फारसं काही नसायचं. एका डोळ्यातला संसर्ग दुसऱ्यात गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळ्यांपुढे अंधार झाला.

पुढे ज्या टोच्यानं तो ठिपके उठवायला लागला तो त्याच हत्याराच्या जातीचा, हा योगायोग प्रत्येक चरित्रकाराला मोहात पाडतो. मला त्यापेक्षा आई-वडिलांचं नवल वाटतं. अंध मूल म्हणजे घरात बसवून ठेवायचं नाहीतर चर्चच्या दारात भीक मागायला पाठवायचं, असा तो काळ. या खोगीरवाल्यानं पोराच्या हातात काठी दिली, त्याला गावभर हिंडू दिलं, आपल्या कामात मदतीला घेतलं. लाकडावर खिळे ठोकून त्याला अक्षरांचे आकार शिकवले, असंही सांगितलं जातं.

१८१४ साली नेपोलियन हरला आणि परक्या फौजा कूव्रेत येऊन घराघरांत राहिल्या. गावाचे ते दिवस हलाखीचे गेले. १८१५ मध्ये गावाला नवे धर्मगुरू मिळाले, फादर जाक पालुई. त्यांनी या पोराला जवळ बसवून शिकवायला सुरुवात केली आणि मग गावच्या मास्तरांना, बेशरे यांना, गळ घातली की याला वर्गात बसू द्या. म्हणजे लुई आधी शिकला तो डोळस मुलांच्या बरोबरीनं, नुसता ऐकून. हुशार होता. पण बाकीची मुलं पुस्तक उघडून वाचायला लागली की याचे हात रिकामे. शेवटी फादरांनी गावच्या जहागीरदाराकडे शब्द टाकला, पॅरिसला अर्ज गेला, आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या राजाश्रयी अंधशाळेत दाखल झाला.

या शाळेच्या इमारतीबद्दल कॅथलिक वाचकाला सांगण्यासारखं काही आहे. ती सेंट व्हिक्टर रस्त्यावरची जुनी सेमिनरी. संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी १६२५ मध्ये आपला धर्मसंघ स्थापन केला तो याच जागेत. आपल्या पॅरिशमध्ये गरिबांना धान्य वाटणारी जी सोसायटी असते, ती ज्यांचं नाव लावते तेच हे संत. राज्यक्रांतीच्या काळात याच इमारतीचा तुरुंग झाला आणि सप्टेंबर १७९२ मध्ये तिथे कोंडलेल्या धर्मगुरूंची कत्तल झाली. लुई आला तेव्हा ती अंधशाळा होती, पण भिंती ओल धरलेल्या, खोल्या कोंदट, जिने अरुंद. या ओलीनं पुढे किती मुलांची छाती पोखरली असेल देव जाणे. लुईची पोखरली हे नक्की.

शाळेत वाचनाची सोय होती बरं का. शाळा काढणारे व्हॅलेंतँ आउई हे डोळस गृहस्थ. त्यांनी १७८४ साली चर्चच्या दारात भीक मागणाऱ्या एका अंध तरुणाला शिकवायला घेतलं आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. आउईंनी युक्ती काढली ती अशी: मोठे उठावदार टाईप ओल्या जाड कागदावर दाबायचे, म्हणजे नेहमीचीच अक्षरं कागदावर फुगून येतात आणि बोटांना लागतात. जगात अंधांसाठी निघालेली ही पहिली पुस्तकं, त्यांचं ऋण मोठंच. पण एकेक पुस्तक भलं जाड आणि जड, अक्षरं मोठी, आणि 'ओ' का 'क्यू' हे बोटाला कळेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरायला व्हायची. डोळ्यासाठी बनलेला आकार बोटाला चाचपायला लावला होता.

त्याहून मोठी अडचण दुसरी होती आणि ती फार कमी लोक बोलून दाखवायचे. या पद्धतीत अंध मूल कसंबसं वाचू शकत होतं, लिहू शकत नव्हतं. त्यासाठी छापखाना हवा. आपल्या मनातलं वाक्य आपण कागदावर ठेवायचं आणि उद्या आपणच ते परत वाचायचं, ही साधी गोष्ट त्या शाळेत एकालाही शक्य नव्हती.

१८२१ मध्ये शाळेला नवे संचालक मिळाले, पिन्ये. भला माणूस. त्याच सुमारास शार्ल बार्बिए नावाचे पन्नाशी ओलांडलेले माजी लष्करी अधिकारी आपली एक पद्धत घेऊन शाळेत आले. अक्षरांचे आकार सोडून द्या, ध्वनीला ठिपके द्या, असं त्यांचं म्हणणं. दोन उभ्या ओळी, एकेका ओळीत सहापर्यंत ठिपके. कोणता ध्वनी तक्त्यातल्या कितव्या रांगेत आणि त्या रांगेत कितवा, हे त्यावरून कळायचं. सोबत खाचा असलेली पाटी आणि टोच्या. मुलांनी हे हाताळलं आणि त्यांना दोन गोष्टी लगेच कळल्या. ठिपका बोटाला रेषेपेक्षा फार चांगला लागतो. आणि ठिपका आपण स्वतः उठवू शकतो.

पण बारा ठिपक्यांचा घोस बोटाच्या टोकाखाली मावत नाही, बोट वरखाली फिरवावं लागतं. शिवाय ध्वनी लिहायचे म्हणजे शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीत नाही. बार्बिएंना त्यात वावगं वाटत नव्हतं. गरिबाला, अंधाला एवढं पुरे, असाच त्यांचा एकूण सूर. बारा वर्षांच्या लुईला ते पुरेसं वाटलं नाही. मला वाटतं, दोघांमधला खरा फरक ठिपक्यांच्या संख्येचा नव्हताच. अंध माणसाला किती लागतं, याबद्दलच्या कल्पनेचा होता.

पुढची तीनेक वर्षं लुई दिवसा वर्ग आणि कारखाना करायचा (मुलांना विणकाम, सपाता करणं असली कामं असत) आणि उरलेल्या वेळात पाटी आणि टोच्या घेऊन बसायचा. सुट्टीत कूव्रेला गेला तरी तेच. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी मूळ रूपात तयार झाली. बारा ठिपक्यांचे सहा केले, दोन उभ्या ओळी, एकेकीत तीन. बोटाचं टोक एकदा टेकलं की अख्खं अक्षर एकदम कळतं. रचनाही बघण्यासारखी आहे. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. त्यांनाच खाली डावीकडे एक ठिपका जोडला की पुढची दहा. खालचे दोन्ही जोडले की त्याच्या पुढची. दहा पाठ करा, बाकीची आपोआप येतात. 'डब्ल्यू' मात्र यात नव्हता, कारण त्या काळच्या फ्रेंचला तो लागतच नव्हता. तो मागाहून आला, म्हणून आजही इंग्रजी ब्रेल शिकणाऱ्याला ते एक अक्षर ओळ मोडून बसलेलं दिसतं.

१८२९ मध्ये या पद्धतीचं पुस्तक निघालं. त्याच्या नावातच सांगितलं होतं की या ठिपक्यांनी शब्द लिहिता येतील, संगीत लिहिता येईल आणि चर्चमधलं साधं गायन, म्हणजे ग्रेगोरियन चांट, तेही लिहिता येईल. वीस वर्षांच्या पोरानं पहिल्याच पुस्तकात मिस्साचं गायन बसवलं, हे मला फार आवडतं. त्यामागे व्यवहारही होता. त्या काळात अंध माणसाला मानानं पोट भरायचे मार्ग थोडे, त्यातला एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं. एका हातानं ठिपके वाचून पाठ करायचे आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. बार्बिएंची कल्पना आपण घेतली हे त्यानं त्याच पुस्तकात मोकळेपणी मान्य केलं. गंमत म्हणजे पुस्तक स्वतः छापलं होतं जुन्या फुगीर अक्षरांत. दुसरं वाचणार कोण?

लुई स्वतः उत्तम ऑर्गन वाजवायचा. १८३४ पासून पॅरिसच्या सेंट निकोलस-दे-शाँ चर्चमध्ये तो ऑर्गनवादक होता. शाळेत १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक झाला. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत, सगळं शिकवायचा. १८३४ च्या औद्योगिक प्रदर्शनात त्यानं आपली लिपी लोकांना दाखवली. लोकांनी बघितली, कौतुक केलं, पुढे गेले. १८३५ च्या सुमारास छातीचा आजार उघड झाला. क्षय. वय सव्वीस. १८३७ मध्ये त्यानं पद्धत सुधारून पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी शाळेनं ब्रेलमधलं पहिलं मोठं पुस्तक छापलं, फ्रान्सच्या इतिहासाचे तीन खंड.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. एवढं झाल्यावर माणूस थांबला असता तरी चाललं असतं. लुईला मात्र एक प्रश्न छळत होता. आता अंध मुलं एकमेकांना लिहू शकत होती, स्वतःसाठी लिहू शकत होती. पण गावाकडच्या आईला? मित्राला? चर्चच्या फादरांना? त्यांना ठिपके कुठे येत होते? घरी पत्र पाठवायचं तर पुन्हा एखाद्या डोळस माणसासमोर बसून मजकूर सांगायचा. पैशाची अडचण, आजारपण, कुणाबद्दलचा राग, सगळं आधी त्या तिसऱ्या माणसाच्या कानावर घालायचं.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या कॉलेजात एका दृष्टिहीन मित्रासाठी मी दोन सत्रं परीक्षेत लेखनिक म्हणून बसलोय. तो सांगतो, मी लिहितो. त्याचा मराठीचा पेपर होता आणि एका प्रश्नाला तो मधेच थांबला, म्हणाला, हे वाक्य खोड, वरचं परत वाच, नाही, ते राहू दे, पण 'आणि' काढ. मी खोडलं, वाचलं, काढलं. त्यानं पुन्हा बदल सांगितला. तिसऱ्यांदा तो नुसता गप्प बसला आणि म्हणाला, जाऊ दे, असू दे. त्याला ते वाक्य अजून सुधारायचं होतं हे मला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या हाताला माणूस किती वेळा सांगणार? लेखनिक कितीही चांगला असला तरी वाक्याशी एकट्यानं झटापट करायची मुभा तो देऊ शकत नाही. लुई ब्रेलनं तिशीत हाती घेतलेलं काम मला कळलं ते त्या परीक्षेच्या खोलीत.

१८३९ मध्ये त्यानं आणखी एक पुस्तिका काढली. या वेळची पद्धत अगदी उलट. ठिपके तेच, पण त्यांतून डोळस माणसाच्या नेहमीच्या अक्षरांचे आकार बनवायचे. उभ्या दिशेला दहा ठिपक्यांची जागा धरायची आणि कोणत्या अक्षरासाठी कितव्या उभ्या ओळीत कितवे ठिपके टोचायचे, त्याचा आकड्यांचा तक्ता त्यानं करून दिला. अंध मुलानं तक्ता पाठ करायचा आणि जाळीच्या चौकटीतून मोजून टोचत जायचं. कागदावर उमटतं ते कुणालाही वाचता येणारं अक्षर. नकाशे, भूमितीच्या आकृत्या आणि डोळस लोकांची संगीताची चिन्हंसुद्धा याच रीतीनं काढता येत होती. दहा ठिपक्यांवरून त्या पद्धतीला दशबिंदू म्हणावं असं नाव पडलं.

पद्धत पक्की होती पण कूर्मगती. एकेका अक्षराला कितीतरी टोचे, आणि एक चुकला की आकार बिघडला. इथे फूको येतो. साहित्याच्या वर्गात फूको म्हटलं की आपल्याला एकदम सिद्धांतांचा पेपर आठवतो, आणि विज्ञानवाल्यांना लंबक. हा तिसराच. पिएर फूको, त्याच अंधशाळेचा जुना विद्यार्थी, लुईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, यंत्रकामात हात चालणारा. तो राहायचा पॅरिसच्या 'कँझ-व्हँ' या अंधांच्या वसतिगृहात. नावाचा अर्थ 'पंधरा वेळा वीस', म्हणजे तीनशे. तेराव्या शतकात राजा संत लुईंनी तीनशे अंधांसाठी ते स्थापन केलं होतं.

लुईनं तक्ता समोर ठेवला, फूकोनं यंत्राचा विचार केला. अक्षराच्या एका उभ्या ओळीत जास्तीत जास्त दहा ठिपके, तर मग दहा दट्टे घ्या. प्रत्येकाला वर बोटानं दाबायची कळ, खाली खिळ्यासारखं टोक. वरच्या कळा बोटांना ऐसपैस पडाव्यात म्हणून पंख्यासारख्या पसरलेल्या, आणि खालची टोकं एका बारीक उभ्या रेषेत एकमेकांना चिकटून आलेली. हवे ते दट्टे एकदम दाबले की अक्षराची एक अख्खी उभी ओळ उमटते. मग यंत्र एक पायरी सरकवायचं, पुढची ओळ. टोचत बसायला जिथे वेळ जायचा तिथे तीन-चार दाबांत अक्षर तयार. १८४१ मध्ये हे यंत्र उभं राहिलं. त्याचं नाव राफिग्राफ, ग्रीक शब्दांवरून, अर्थ सुईनं लिहिणारा.

टाईपरायटर बाजारात यायला अजून तीस वर्षं होती. ज्याला लिहायची गरज होती त्यानं पद्धत शोधली, आणि त्याच गरजेच्या दुसऱ्या माणसानं यंत्र केलं. आज हात न चालणारे इंजिनियर स्वतःला भरवणाऱ्या यंत्रभुजा तयार करतात, अंध प्रोग्रामर फोन बोलका करतात, त्याबद्दल आपण वाचतो तेव्हा ही काहीतरी नव्या जमान्याची गोष्ट वाटते. तशी ती नाही. फूकोला १८४३ मध्ये फ्रान्सच्या उद्योगसंस्थेनं प्लॅटिनमचं पदक दिलं आणि १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात त्याचं यंत्र मांडलेलं होतं. लुईला यातून काही कमवायचं सुचलंच नाही. धंदेवाईक डोकं दोघांत असलंच तर ते फूकोचं, आणि मला वाटतं तेही लागतंच, नाहीतर यंत्र एका खोलीतून बाहेर पडत नाही.

यंत्राचं हे काम चालू होतं त्याच काळात शाळेत मात्र लुईच्या लिपीवर गदा आली. १८४० मध्ये पिन्ये यांना पद सोडावं लागलं आणि त्यांचेच सहायक द्युफो संचालक झाले. त्यांचा सहा ठिपक्यांना विरोध. अंधांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील, डोळस शिक्षकांना ती वाचता येणार नाही, असं त्यांचं मत. त्यांनी परदेशातल्या धर्तीवर सोपी केलेली फुगीर अक्षरं आणली आणि सहा ठिपके वर्गातून हद्दपार केले. युक्तिवाद वरवर पाहता वाईट नाही, हे मान्य करायला हवं. पण डोळस माणसाशी जोडणारा पूल बांधायचं काम ज्यानं आदल्याच वर्षी करून दाखवलं होतं, त्याच्याच लिपीला तोडणारी ठरवायचं, याला काय म्हणावं? डोळसांना वाचता यावं म्हणून दशबिंदू होताच. सहा ठिपके अंधांसाठी होते. द्युफोंना दोन्ही गरजा वेगळ्या आहेत हेच दिसत नव्हतं.

मुलांनी ऐकलं नाही. वर्गात फुगीर अक्षरं, आणि एकटं सापडलं की सहा ठिपके. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवलं. एखादी गोष्ट वापरणाऱ्याला खरंच उपयोगी पडत असेल तर ती अशी दाबून मरत नाही. द्युफोंचे नवे सहायक ग्वादे यांनी हे पाहिलं, समजून घेतलं आणि वरिष्ठांचं मन हळूहळू वळवलं. शाळा ओल्या इमारतीतून बुलव्हार दे-झँव्हालिदवरच्या नव्या प्रशस्त इमारतीत गेली. तिचं उद्घाटन २२ फेब्रुवारी १८४४ रोजी झालं. त्या समारंभात ग्वादे यांनी लुई ब्रेलच्या लिपीची हकीकत सर्वांसमोर वाचून दाखवली. मग एका अंध मुलाला मजकूर सांगितला, त्यानं तो ठिपक्यांत लिहिला. दुसरं मूल त्या वेळी खोलीबाहेर होतं. त्याला आत बोलावलं आणि त्यानं तो कागद बोटांनी वाचून दाखवला. बंदी तिथे संपली. लुई तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि जिना चढतानाही दम लागत होता.

यानंतरची वर्षं आजारपणाची. वर्ग सुटले, थोडे संगीताचे धडे राहिले. बरं वाटलं की काम, नाहीतर कूव्रेची हवा. पगार बेताचा, तरी कुणाला पाटी घेऊन दे, कुणाला पुस्तक उतरवून दे, कुणाला उसने पैसे दे, हे चालूच. हिपोलित कोल्ता या त्याच्या विद्यार्थ्यानं आणि मित्रानं त्याच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यातून दिसतो तो शांत, मोजकं बोलणारा, थोडा विनोदी, श्रद्धाळू माणूस. संत वगैरे करून ठेवायची आपल्याला घाई असते. मला तो हिशेबी आणि चिवट शिक्षक वाटतो.

डिसेंबर १८५१ मध्ये रक्ताची मोठी उलटी झाली. त्यानं मृत्युपत्र केलं, अंत्यसंस्काराची सांक्रामेंतं घेतली आणि ६ जानेवारी १८५२ रोजी गेला. दोनच दिवसांपूर्वी त्रेचाळीस पूर्ण झाली होती. तो दिवस तीन राजांच्या फेस्ताचा. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. त्याच्या सामानात एक लहान पेटी होती. न उघडता जाळा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. मित्रांना राहवलं नाही आणि त्यांनी उघडली. आत चिठ्ठ्या होत्या, अंध विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून घेतलेल्या पैशांच्या. मग त्यांनी त्या जाळल्या.

१८५४ मध्ये फ्रान्सनं लिपी अधिकृत मानली, १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं. आपल्याकडे निरनिराळ्या प्रांतांत ब्रेलच्या निरनिराळ्या तऱ्हा चालत होत्या. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून भारती ब्रेल ठरलं. मराठी त्याच सहा ठिपक्यांत लिहिली जाते, आणि त्यात एक मजा आहे. देवनागरीत आपण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतो, 'कि' लिहिताना हात आधी वेलांटीकडे जातो. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ', तोंडातून निघतं तसंच. बोटांनी वाचणाऱ्याला आपली ही उलटी चाल करावी लागत नाही.

राफिग्राफ मागे पडला. टाईपरायटर आल्यावर अंधांना डोळसांशी लिहायची सोपी वाट मिळाली आणि फूकोचं यंत्र संग्रहालयात जाऊन बसलं.

लुईला कूव्रेच्या दफनभूमीत आई-वडिलांच्या गावी ठेवलं होतं. शंभर वर्षांनी, जून १९५२ मध्ये, फ्रान्सनं त्याचे अवशेष समारंभानं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. जगभरातून अंध माणसं आली होती, हेलन केलर त्यांच्यात होत्या. गावानं देह दिला, पण हात दिले नाहीत. ते एका कलशात घालून कूव्रेतल्या जुन्या थडग्यावरच ठेवले आहेत.